थांबवणारं माणूस

मंडळी, आज दुपारी मोबाईलवर एक जुनं भजन रेकॉर्ड केलं. सूर चुकला नाही, तरी ऐकताना कोरडं वाटलं.

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत आमची भजनांची कॅसेट निघत होती, तेव्हा हेच भजन गाताना निर्माते बापूंनी मला थांबवलं होतं.

"सूर बरोबर हाय गो बाय, पण गातेस कोणासाठी?"

"ह्यांच्यासाठी," मी लाजत म्हटलं. नवरा मुंबईला नोकरीला होता.

"मग ते समोर बसलेत असं समजून गा."

गाताना आवाज कापरा झाला. बापूंनी तेच कॅसेटमध्ये ठेवलं. रजेवर आल्यावर ह्यांनी ते ऐकलं आणि डोळे पुसले.

आता बापू आणि हे, दोघंही नाहीत. आज मी पुन्हा पुन्हा गायले. मला थांबवायला घरात कोणीच नव्हतं.

तुमचं काम ऐकून "अजून एकदा" म्हणणारं कोणी आहे का तुमच्याकडे?