सांभाराला पडलेले अकरा अंगठे

वाघाला भिणारी माणसं मी पाहिली आहेत, पण साध्या ‘राम राम’ला भिणारा माणूस अख्ख्या संग्रामपूर तालुक्यात एकच, तो म्हणजे माझे धाकटे दीर. समोरून ओळखीचं कोणी आलं की हे खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करत बसणार, तो माणूस पार निघून जाईपर्यंत. पंगतीत ‘पुरे’ म्हणवत नाही, म्हणून एका लग्नात जिलेब्या खातच राहिले आणि मग दोन दिवस ओवा चघळत पडले. एकदा वरवट बकालच्या अलीकडे आमच्या शेताच्या फाट्यावर उतरायचं होतं. पण भरल्या बसमध्ये ‘थांबवा’ म्हणून ओरडायचं कसं? गेले आपले थेट खामगावला!

अशा माणसाला माझ्या लेकीनं फोनवर भाजीपालावाल्यांच्या एका ग्रुपात घातलं. तिथं कोणी अडचण विचारायची, कोणी उत्तर द्यायचं, आणि वाचणाऱ्यांनी वर नाहीतर खाली अंगठा दाबायचा. खालचे अंगठे जास्त झाले की उत्तर तळाला जातं. आणि काय सांगू, भाऊजी तिथं बोलायला लागले! घरात वर्षभरात बोलले नसतील तेवढं एकेका उत्तरात. पाठवण्याआधी मला वाचून दाखवायचे, ‘वहिनी, कोनाले राग तं नाही येनार ना?’ वरचा अंगठा आला तरी लाजून फोन खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली लपवायचे.

मग साताऱ्याकडच्या एका बाईनं विचारलं, कोथिंबीर पिवळी पडतेय. भाऊजींनी लिहिलं, ‘सांभाराच्या मुळाशी पाणी साचलं असेल, दोन दिवस पाणी तोडा.’ आमच्याकडे कोथिंबिरीला सांभारच म्हणतात, हे बाकीच्यांना काय ठाऊक? एकानं लिहिलं, ‘काका, सांभार इडलीसोबत खातात, पेरत नाहीत.’ आणि भाऊजींच्या उत्तराला खालचे अकरा अंगठे.

भाऊजी जेवले नाहीत. म्हणाले, ‘आता नाही लिहीत, वहिनी.’

मी म्हटलं, ‘अहो, ते तुम्हाले थोडीच हासून राह्यले? एका शब्दाले हासले.’

‘समोरचा मानूस रागावला तं तोंड तं दिसते. या अंगठ्यायले तोंडच नाही. कोन हाय, काऊन रागावलं, काही समजत नाही.’

आठ दिवस फोन फडताळात पडून होता आणि भाऊजी पुन्हा मुके. वाटलं, गेला हा माणूस परत आपल्या बिळात.

नवव्या दिवशी लेकीनं फोन उघडला, तर त्या बाईचा निरोप. तळापर्यंत जाऊन तिनं उत्तर वाचलं होतं, पाणीही तोडलं होतं. ‘दादा, तुमचा सांभार हिरवा झाला. आता मेथीचं सांगा.’

भाऊजींनी तो निरोप तीनदा वाचला आणि मेथीवर पानभर लिहिलं. तेव्हापासून लिहितात, रोज लिहितात. फक्त आता सगळीकडे ‘कोथिंबीर’ लिहितात. बरंच आहे, लोकांना कळतं.

पण परवा वाफ्यातून सांभाराची ताजी जुडी घेऊन आले, माझ्यापुढे ठेवली आणि हळूच म्हणाले, ‘वहिनी, कोथिंबीर.’

घरात माझ्याशिवाय ऐकायला कोणी नव्हतं.