शमिकाच्या वाटणीचा ओरडा

स्वानंदी जळकुकडी होती. तसं कुणी म्हणत नसे, कारण आजारी माणसाबद्दल सगळे चांगलंच बोलतात. पण तिचं तिला ठाऊक होतं. आणि ती जळायची ती सख्ख्या धाकट्या बहिणीवर, शमिकावर.

वडील विमा कंपनीत अधिकारी. सांगलीहून बदली होऊन जयपूरला आले आणि जवाहर नगरातच रमले. पंधराव्या वर्षी स्वानंदीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि दिवसाला पाणी पाऊण लिटर, त्यात चहासुद्धा धरायचा. जयपूरच्या मे महिन्यात पाऊण लिटर! स्वानंदी बर्फाचा खडा जिभेवर धरून बसायची आणि शमिका बॅडमिंटन खेळून यायची, फ्रिजचं दार उघडं टाकून आख्खी बाटली घटाघटा रिचवायची, वर हनुवटीवरून ओघळू द्यायची. त्या ओघळापायी स्वानंदीने बहिणीला मनातल्या मनात काय काय शाप दिले, ते न सांगितलेलंच बरं.

"अगं भवाने, तिच्यासमोर काय ढोसतेस!" आई, विनयाताई, शमिकावर खेकसायची. मग स्वानंदीकडे वळून आवाज मऊ करायची. "बाळा, तू खा ना दोन घास."

एकविसाव्या वर्षी आईचीच किडनी तिला बसवली. आता रोज तीन लिटर पाणी प्यायचंच, असं डॉक्टर म्हणाले. स्वानंदीने पहिला पेला एका दमात संपवला, रडली आणि दुसरा मागितला. जळायचं कारणच संपलं, असं तिला वाटलं.

पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. ती कॉलेजात जाऊ लागली, स्कूटी चालवू लागली, गाल भरले, आणि तरी शमिका दिसली की आत काहीतरी टोचायचंच. पाण्याचं तर मिटलं होतं. मग हे काय?

ते कळलं बासोड्याला. शीतळामातेच्या या सणाला जयपुरात चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशी रांधलेलं गार जेवतात. विनयाताईही इतकी वर्षं ते पाळत आलेल्या. पण किडनी टिकावी म्हणून औषधांनी स्वानंदीची प्रतिकारशक्ती दाबून ठेवलेली, शिळं अन्न तिला वर्ज्य. विनयाताईंनी सरळ गॅस पेटवला. समोरच्या गीताजींनी नाक मुरडलं, तेव्हा म्हणाल्या, "माताजी को मैं समझा लूँगी."

शमिकाच्या ताटात गार पुए, म्हणजे तिकडचे गोड घारगे, आणि दहीभात, स्वानंदीच्या ताटात वाफाळती मुगाची खिचडी. शमिकाने दही सांडलं.

"घोडी झालीस तरी हाताला वळण नाही! गीळ आता गुमान!"

स्वानंदीच्या अंगाचा तिळपापड झाला. पुआसाठी नव्हे, त्या 'गीळ'साठी. सात वर्षांत आई तिला एकदाही ओरडली नव्हती. परीक्षा बुडवली, फोन आपटला, तरी आपलं बाळा, बाळा. पाहुण्यांशी बोलावं तसं. आईची किडनी पोटात आली, पण ओरडा मात्र सगळा शमिकाच्या वाटणीला.

तिने हात लांबवला, शमिकाच्या ताटातला पुआ उचलला आणि चावला.

"शमे! तू दिलास ना तिला?"

"मी? मतलब, मी काही केलंच नाही यार!"

म्हणजे हा ओरडाही शमिकालाच! स्वानंदीचं डोकं फिरलं. "मी घेतला. अजून एक घेणार."

"बाळा, असं नाही करायचं..."

"बाळा म्हणू नकोस मला!" तिने दुसरा उचलला.

विनयाताईंचा हात स्वतःच्या कुशीवरच्या व्रणाकडे गेला. मग तोच हात स्वानंदीच्या पाठीत बसला, सणसणीत.

"थुंक आधी! कार्टे, माझी किडनी आहे ती! जिभेचे चोचले पुरवायला दिली काय तुला? थुंक म्हणते ना!"

स्वानंदी थुंकली, चूळ भरून आली. पाठ चुरचुरत होती. आईचे डोळे भरले होते. खिचडीचं ताट तिने पुढ्यात आदळलं.

"गीळ आता."

जीभ पोळत होती तरी स्वानंदी खात राहिली. समोर शमिकाचा घास हातातच राहिला होता.

"माझ्यावर कधी एवढं ओरडली नाहीस, आई," ती म्हणाली आणि तिचा ओठ थरथरला.

स्वानंदीने तो चेहरा ओळखला. आणि खरं सांगायचं तर, तिला फार बरं वाटलं.