जाळीबाहेरचे सूर्यभान

आमच्या ह्यांना आयुष्यात एक बॉल धड झेलता आलेला नाही. मी स्वयंपाकघरातून लिंबू फेकलं तरी ते ह्यांच्या छातीवर आपटून पलंगाखाली जातं. पण रविवारी सकाळी तारनाक्याच्या मैदानावर जाळीबाहेर खुर्ची टाकून बसले, की सूर्यभानरावांना बेसबॉलमधलं सगळं कळतं. पोरींना खेळता येत नाही, कोचला शिकवता येत नाही, पंचाला दिसत नाही, आणि हे सगळं फक्त ह्यांच्याच लक्षात आलेलं असतं.

बँकेतून रिटायर झालेली माणसं विहारात जातात, बागेत फिरतात, भाच्यांची लग्नं जमवतात. ह्यांनी मुलींचा बेसबॉल धरला. हैदराबादेत क्रिकेट सोडून कुणी कशाकडे ढुंकून बघत नाही. त्यामुळे 'तारनाका स्टार्स'च्या मॅचला हे, पोरींना सोडायला आलेले दोन-चार भाऊ आणि सावलीला झोपलेली कुत्री, एवढीच काय ती गर्दी असते.

यंदा पहिल्याच मॅचला स्टार्सनी सपाटून मार खाल्ला. हे घरी आले ते बुटांसकट स्वयंपाकघरात. "पिचर म्हणजे काय गं विमल? बॉल टाकणारी. बॉल बॅटरच्या समोरून गेला पाहिजे. ही त्रिवेणी कुठं फेकायली? एक आभाळात, एक मातीत. असे चार बॉल बाहेर गेले की समोरची फुकटात पहिल्या बेसवर जाते. ही एकेकीला पाहुण्यासारखी नेऊन बसवायली, वर हसायली."

"बूट काढा," मी म्हटलं.

दुसऱ्या मॅचला त्याहून वाईट. बॉल उंच उडाला, तो खाली येईस्तोवर दोघीजणी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि बॉल मधोमध पडला. "आधी तुम्ही घ्या, नाही आधी तुम्ही घ्या. पंगतीत बसल्या का ह्या?" जेवायला बसलो तरी हे थांबेनात. "एकीला खेळाचं प्रेम नाही. सगळ्या सर्टिफिकेटसाठी येतेत. राज्याकडून खेळल्याचा कागद मिळाला, कोट्यातून नोकरी लागली, की चालल्या. अशानं टीम होत असती का?"

समोर आमची लेक रेणुका बसली होती. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि शांतपणे खाल्ला. मी मात्र ताट पुढं सारलं. माणसानं किती निर्लज्ज असावं?

कारण ह्याच स्टार्सची पिचर आमची रेणुका होती, आणि तिला तिथं ह्यांनीच घातलं होतं. ह्यांच्या बँकेतल्या अप्पारावांनी कानात सांगितलं, क्रिकेटमध्ये ढीगभर पोरं असतात, बेसबॉलला कोण फिरकत नाही, राज्याच्या टीममध्ये लवकर नंबर लागतो, पुढं कोट्यातून सरकारी नोकरी. झालं. दुसऱ्या दिवशी पोरीला फरफटत मैदानावर नेलं. तुला आवडेल का, हे विचारायची ह्यांना गरज वाटली नाही. सुरुवातीला ती सुजलेली बोटं घेऊन रडत यायची. मग तिला त्या खेळाचं असं वेड लागलं, की गच्चीवर टाकीच्या भिंतीवर खडूनं चौकोन काढून त्यात बॉल मारत बसायची. खालच्या मजल्यावरचे भांडायला यायचे. ती टाकायला लागली की समोरच्या टीमच्या पोरी बॅट हलवून नुसत्या परत जायच्या.

राज्याचं सर्टिफिकेट मिळालं. गेल्या वर्षी सिकंदराबादच्या ऑफिसात नोकरी लागली. त्याच दिवशी ह्यांनी फर्मान काढलं, "बस झालं आता. बोटबीट मोडलं तर मेडिकलला अडवतील." तिनं एवढंच मागितलं, की अर्धा झालेला सीझन तरी पुरा करू दे. हे म्हणाले, "सर्टिफिकेट मिळालंय ना? आता कशाला?" तिचा ग्लव्ह ह्यांनी परस्पर क्लबला देऊन टाकला. मी बोलले तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवला. तेव्हापासून पोरगी ऑफिसला जाते, येते आणि रविवारी तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहते.

ह्यांना मात्र रविवारी मैदानावर बसायची चटक लागलेली. ती काही सुटली नाही. टीमची पिचर स्वतःच्या हातानं उचलून घरी आणली आणि आता जाळीबाहेर बसून पिचिंगला नावं ठेवायची. ह्यात काही चुकतंय असं त्यांना खरंच वाटत नाही. मला त्यांचा राग येत नाही, किळस येते.

तिसऱ्या मॅचला मी गेले. भाजी आणायची म्हणून रेणुकालाही सोबत घेतलं आणि तिला मैदानाकडे स्कूटर वळवायला लावली. मला दुसरं काही नको होतं. माझ्या पोरीनं एकदा पुन्हा बॉल हातात घ्यावा, एवढंच.

हे जाळीला नाक लावून ओरडत होते. "अगं त्रिवेणी, समोर! बॅटर समोर उभी आहे, मागच्या झाडावर नाही!" आम्ही मागं येऊन उभ्या राहिलो, ते त्यांना कळलंही नाही.

डाव संपला तशी त्रिवेणी सरळ जाळीकडे आली. चिक्कडपल्लीची पोर, धुळीनं भरलेली, डोळे लाल. तिनं डाव्या हातातला ग्लव्ह ह्यांच्या नाकासमोर धरला. त्याच्या मनगटपट्टीवर काळ्या पेननं नाव लिहिलेलं होतं, रेणुका सूर्यभान.

"काका, ही चांगली पिचर होती म्हणतेत सगळे," ती म्हणाली. "हे सूर्यभान तुम्हीच ना?"

 तेवढ्यात त्रिवेणीचं लक्ष मागं गेलं. फोटोत पाहिलं असावं, तिनं लगेच ओळखलं. "रेणुका अक्का? घालून बघा ना, तुमचाच आहे."

रेणुका जाळीच्या दारातून आत गेली. ग्लव्हमध्ये हात घातला, बोटं हलवून बघितली, मूठ मिटून बघितली.  मग तिनं हात बाहेर काढला. "नको गं. हा आता तुझ्या हाताला बसलाय. माझी बोटं नीट बसेनात." तिनं बॉल तेवढा घेतला, शिवणीवर दोन बोटं कशी ठेवायची ते त्रिवेणीला दाखवलं आणि बॉल तिच्या हातात देऊन बाहेर आली.

ह्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "बाळा, पुढच्या रविवारपासून येत जा की तू. मी बोलतो कोचशी. नवीन ग्लव्ह घेऊ."

"कशाला पप्पा?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "सर्टिफिकेट मिळालंय ना."

आणि भाजीची पिशवी उचलून ती स्कूटरकडे गेली.

मैदानात त्रिवेणीनं शिवणीवर दोन बोटं ठेवून बॉल टाकला. तरी तो बाहेरच गेला. तिनं सवयीनं जाळीकडे बघितलं. हे खुर्चीच्या दांड्या धरून खाली बघत बसले. मीही त्यांना घरी चला म्हटलं नाही.