निकामी हात

आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले आणि मग त्यांनी हौसेने एक जुनी, छोटी गाडी घेतली. रविवारी सकाळी आईला शेजारी बसवून ते देवळाली कॅम्पच्या बाजारात भाजी आणायला जायचे. गाडी इतकी हळू चालवायचे की सायकलवालेही पुढे निघून जायचे. आई वैतागायची, "मी चालत गेले असते तर एव्हाना भाजी चिरून झाली असती." अण्णा हसायचे आणि वेग अजिबात वाढवायचे नाहीत.

अशाच एका रविवारी बाजाराच्या वळणावर, उभ्या असलेल्या टेम्पोच्या आडून एक माणूस एकदम गाडीसमोर आला. धप्प असा आवाज झाला. अण्णांनी ब्रेक दाबला तेव्हा तो रस्त्यावर पडून विव्हळत होता. तिशी-पस्तिशीचा, अंगावर रंगाचे डाग पडलेला शर्ट. उजवा हात छातीशी घट्ट धरून ओरडत होता, "साहेब, हात गेला वो माझा! रंगकाम करून पोट भरतो मी!"

गर्दीतून लगेच दुसरा एक जण पुढे आला. म्हणाला, मी याचा मेव्हणा. त्याने अण्णांच्या शर्टाला हात घातला. "या वयात गाडी कशाला चालवता? चला पोलिसात."  अण्णा म्हणाले, आधी याला दवाखान्यात नेऊ. त्यावर मेव्हणा म्हणाला, आमचा ओळखीचा डॉक्टर आहे, तुम्ही फक्त खर्चाचं बघा. अण्णांनी खिशात होते तेवढे पैसे दिले, आईने भाजीची पर्स रिकामी केली. वर अण्णांनी आपला पत्ता आणि फोन नंबर स्वतःच्या हाताने लिहून दिला. तो कुणी मागितलाही नव्हता. म्हणाले, बरा होईपर्यंत माझी जबाबदारी.

मग तो घरी यायला लागला. आधी प्लॅस्टर घालून आला. नंतर प्लॅस्टर निघालं, पण हात तसाच छातीशी दुमडलेला, बोटं आत वळलेली. "नस तुटली म्हणले डाक्टर. ब्रश धरता येत नाय, साहेब. घास पण डाव्या हातानं खातो." पेन्शन जमा झाली की तो दारात उभा असायचा. अण्णा पैशांचं पाकीट द्यायचे. आई त्याला उपाशी जाऊ द्यायची नाही. एका हाताने भाकरी तोडता येत नाही म्हणून ती कालवणात भाकरी कुस्करून त्याच्यापुढे ताट ठेवायची. तो मान खाली घालून जेवायचा आणि जाताना आईच्या पाया पडायचा.

अण्णांनी गाडी विकली. पुढे ते सकाळी ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावरही जाईनासे झाले. कुणी भेटायला आलं की आत जाऊन झोपायचे. मी त्यांना समजावायचे, अपघात कुणाकडूनही होतो. ते म्हणायचे, "त्याची पोरंबाळं असतील गं. एका कष्टकरी माणसाचा हात मी घालवला." एकदा दुपारी मी अचानक स्वयंपाकघरात गेले, तर अण्णा एकटेच पाटावर बसून डाव्या हाताने जेवत होते. उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला होता. वरण त्यांच्या बनियनवर सांडलं होतं. मी दाराआड सरकले आणि तशीच उभी राहिले. पुढे जे काही मी केलं, ते करताना तो बनियन माझ्या डोळ्यांसमोर होता.

मी चांदवडच्या एका शाळेत शिकवते. बसने जाऊन-येऊन करते. आमच्या शाळेतल्या एका मॅडमच्या भावाचं लग्न तिथेच होतं, म्हणून शाळा सुटल्यावर आम्ही सगळ्या गेलो. वरात निघाली होती. डीजेपुढे पोरं नाचत होती आणि त्यांच्या मधोमध एक माणूस गळ्यातला टॉवेल काढून डोक्यावर गरागरा फिरवत होता. उजव्या हाताने. मग त्याने दोन्ही हातांनी नवरदेवाला कमरेत धरून उचललं आणि खांद्यावर घेतलं.

मला आधी वाटलं, सारखा दिसणारा कुणी असेल. पण डाव्या भुवईतून जाणारी ती पांढरी खूण मी आमच्या ओट्यावर कितीतरी वेळा पाहिली होती.  मी मॅडमना विचारलं, "तो कोण हो?"

"आमच्याच गल्लीतला आहे. नाशकात काहीतरी धंदा करतो म्हणे. नवी मोटरसायकल घेतलीय बघा."

कांद्याच्या ट्रॉलीच्या आड उभी राहून मी मोबाइल काढला आणि त्याचं नाचणं रेकॉर्ड केलं. गाणं संपेपर्यंत हात हलू दिला नाही. जेवायला थांबले नाही. परतीच्या बसमध्ये मी तो व्हिडिओ परत परत पाहत राहिले आणि याला काय काय करता येईल याचा विचार करत राहिले. सरळ पोलिसात जाणं मला पुरेसं वाटत नव्हतं. त्याने अण्णांना भर बाजारात, लोकांसमोर गुन्हेगार ठरवलं होतं. त्यालाही लोकांसमोरच उघडा पाडायचा, आणि तोही आमच्याच घरात, जिथे तो जेवला तिथे.

घरी मी कुणाला काही सांगितलं नाही. शेजारी लष्करातून निवृत्त झालेले सुभेदारकाका राहतात, फक्त त्यांना व्हिडिओ दाखवला. ते दोनदा पाहून म्हणाले, "बोलव त्याला. मी आहे." मी त्या माणसाला फोन केला. आवाज शक्य तितका गोड ठेवला.

"दादा, अण्णा म्हणतात, तुमच्या हाताच्या ऑपरेशनचं एकदाच काय ते करून टाकू. रविवारी या. मेव्हण्यांनाही आणा."

"देवमाणूस हाय वो ताई तुमचे वडील," तो म्हणाला.

रविवारी दोघं आले. सुभेदारकाका आणि कॉलनीतले आणखी काही जण आतल्या खोलीत बसले होते. आईला मी सांगितलं होतं, माझ्या ओळखीचे लोक आहेत, चहा जास्त टाक. अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते, नेहमीसारखे, त्याच्या हाताकडे न बघता.

चहा मी स्वतः घेऊन गेले. उकळता होता. त्याच्यासमोर वाकले आणि कप त्याच्या मांडीवर उलटा केला. चुकून सांडला नाही. मी सांडला.

तो किंचाळून उठला. दोन्ही हातांनी पॅन्ट झटकायला लागला, उजव्या हाताने कापड चिमटीत धरून अंगापासून लांब ओढायला लागला. पाची बोटं मोकळी. मेव्हणा म्हणाला, "अरे, अरे..." अण्णा बघत होते. आणि मग त्याने, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तो हात हळूच पुन्हा छातीशी नेला आणि बोटं आत वळवली. इतका निगरगट्टपणा मी आयुष्यात पाहिला नव्हता.

आतली माणसं बाहेर आली. मी मोबाइल टीव्हीला जोडला आणि वरात लावली. डीजेचा आवाज मुद्दाम मोठा ठेवला. टीव्हीवर तो नवरदेवाला खांद्यावर घेत होता.

"तो मी नाय," तो म्हणाला. "माझा भाऊ हाय."

"त्याच्याही भुवईवर तीच खूण आहे का?"

मेव्हणा दाराकडे सरकला. सुभेदारकाकांनी त्याची कॉलर पकडून त्याला खाली बसवलं. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून पाण्याचा ग्लास घेऊन आली. ती ओरडली नाही, रडली नाही. ग्लास त्याच्यासमोर धरून म्हणाली, "पी. उजव्या हातानं."

तो डावा हात पुढे करायला लागला. आईने ग्लास मागे घेतला. "उजव्या."

 शेवटी त्याने उजवा हात पुढे केला, ग्लास धरला आणि प्यायला. घोट गिळताना त्याचा गळा वर-खाली होत होता. मला ते बघून इतकं बरं वाटलं की मी हसलेच.

मग अण्णा उठले. मला वाटलं, आता हे त्याला तुडवतील. तुडवू देत, मी अडवणार नव्हते. अण्णा त्याच्याजवळ गेले, त्यांनी त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. खांद्यापासून खाली चाचपत आले. कोपर वाकवून पाहिलं. एकेक बोट उघडलं, मिटलं. आणि म्हणाले, "चांगलाय. हात चांगलाय गं याचा!" त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू कुणीतरी दवाखान्यातून चांगली बातमी आणली आहे. ते तिथेच खाली बसले आणि रडायला लागले.

"अण्णा, मारा ना त्याला!" मी ओरडले. ते मान हलवत राहिले. मग मी पुढे झाले आणि त्याच्या थोबाडीत मारली. माझी चारही बोटं त्याच्या गालावर उठली. त्यानंतर सुभेदारकाकांनी पोलिसांना फोन केला.

अण्णांच्या मते गोष्ट तिथे संपली. त्या संध्याकाळी ते कट्ट्यावर गेले, आणि आईला म्हणाले, पोरीला सांग, आता सोडून दे. मी सोडलं नाही. वरातीचा व्हिडिओ मी माझ्याकडे होते तेवढ्या सगळ्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, हा माणूस कुणाच्या गाडीखाली आला असेल तर मला कळवा. फोन यायला लागले. गंगापूर रोडच्या एका निवृत्त शिक्षकांच्या स्कूटरला तो धडकला होता, तेव्हा त्याचा पाय गेला होता. सिडकोतल्या एका विधवा बाईंच्या गाडीला धडकून त्याची कंबर गेली होती. त्याला हवी असायची ती सगळी अण्णांसारखीच माणसं, भिणारी आणि पापभिरू. मी एकेकाच्या घरी गेले. लाजून कुणी तक्रार द्यायला तयार नव्हतं. मी त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात बसले, त्यांचे जबाब होईपर्यंत उठले नाही.

नंतर त्याची बायको चांदवडला शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. "ताई, केस मागं घ्या. घरात कमावणारं कुणी नाय."

"तो काय करतो, तुला माहीत होतं?" मी विचारलं.

ती पदराच्या टोकाला गाठ मारत राहिली.  माझी बस लागली होती, मी जाऊन बसले. खिडकीतून तिच्याकडे पाहिलंही नाही. आई हे ऐकून म्हणाली, इतकी कठोर कशी झालीस गं? मी म्हटलं, तू त्याला ग्लास दिलास तेव्हा तुझं तोंड मी पाहिलंय. 

तो जामिनावर सुटला. खटला चालू आहे आणि तारखा पडत राहतात. प्रत्येक तारखेला मी रजा टाकून कोर्टात जाते. माझी साक्ष अजून व्हायची आहे, जायची गरज नसते. तरी बाहेरच्या बाकावर त्याला सरळ दिसेन अशी बसते. पहिल्यांदा तो माझ्याकडे बघून थुंकला. आता मला पाहिलं की जिन्याच्या पलीकडे जाऊन उभा राहतो. मग मीही उठून तिकडे जाते. अण्णांना वाटतं, मी शाळेत आहे.

मागच्या तारखेला तो पायाला बँडेज बांधून, मेव्हण्याच्या खांद्यावर हात टाकून लंगडत आला. वकिलाने पुढची तारीख मागून घेतली. बाहेर पडताना मी त्याच्या वाटेत उभी राहिले.

"आज कुठला पाय?" मी विचारलं.

त्याने खरंच खाली वाकून पाहिलं. मेव्हण्याने त्याला पुढे ढकललं. मी आत जाऊन लिपिकाकडून पुढची तारीख विचारून घेतली आणि शाळेत फोन करून सांगितलं, त्या दिवशी मी येणार नाही.