दियोनीच्या पन्नास खेळ्या

दियोनिसियो पाल्मारेसने इलोइलो बंदराच्या धक्क्यावर माझ्याबरोबर सहा वर्षं साखरेची पोती वाहिली. पोतं पन्नास किलोचं. अंगाने किरकोळ, पण कामचुकार नव्हता. असं मी फार थोड्या माणसांबद्दल म्हणेन. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे आडवे व्हायचे, हा गोदामाच्या सावलीत बुद्धिबळाचा पट मांडायचा. समोर दुसरं कुणी बसेना म्हणून मी बसायचो. हजारभर डाव हरलो असेन.

चोविसाव्या वर्षी त्याने राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि पोती सोडली. मग मनिला, हनोई, जकार्ता. बोटीने जायचा, बसने जायचा, मिळेल त्या खोलीत चौघांत झोपायचा. ग्रँडमास्टर व्हायला मोठ्या स्पर्धांत तीनदा ठरावीक कामगिरी करावी लागते, तिला नॉर्म म्हणतात. दोन नॉर्म त्याने तिशीच्या आत मिळवले. गुणांकनही पुरेसं झालं होतं. तिसरा नॉर्म मात्र चार वेळा अर्ध्या गुणाने हुकला. दर वेळी तो परत यायचा, सोमवारी शाळेत पोरांना बुद्धिबळ शिकवायला जायचा आणि पहाटे उठून पुन्हा अभ्यासाला बसायचा. तक्रार मी ऐकली नाही.

एक्केचाळिसाव्या वर्षी स्पर्धा आमच्याच शहरात भरली. शेवटच्या फेरीत त्याला तिसऱ्या नॉर्मसाठी बरोबरी पुरेशी होती. समोर उझबेकिस्तानचा शेरझोद, बावीस वर्षांचा ग्रँडमास्टर. मी आणि आब्नेर न्हावी दोरीला टेकून उभे होतो. त्यांचा पट आमच्यापासून दोन हातांवर.

अडतिसावी खेळी. चाल दियोनीची. शेरझोद पाणी प्यायला उठला होता. पंच दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी घड्याळ बघत होते. दियोनीने हात पुढे केला, उंटाला बोटं लावली आणि थांबला. बोटं चटका बसल्यासारखी मागे घेतली.

मलाही दिसलं. उंट हलला तर उंट जातो. घोडा हलवला तर डाव सरळ बरोबरीत.

आब्नेर माझ्या कानाशी लागला. "कुणी बघितलं नाही रे! हलव म्हणावं घोडा!"

"गप. बाहेर काढतील."

"तू बघितलंस?"

"बघितलं."

"मग नाही बघितलंस. काय?"

नियम एकच आहे. मोहऱ्याला हात लागला की तेच मोहरं हलवायचं. दियोनी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला. अकरा मिनिटं. शेरझोद परत येऊन बसला. मग दियोनीने उंट उचलला आणि जिथे कमीत कमी नुकसान होतं तिथे ठेवला. शेरझोदने आधी पटाकडे, मग त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि उंट मारला.

"गाढव," आब्नेर म्हणाला. "सतरा वर्षं घासली आणि शेवटी गाढव ते गाढवच."

मलाही राग आला होता. खोटं कशाला सांगू?

पुढचं जे बघितलं ते मात्र मी आयुष्यात दुसऱ्या कुणाला करताना बघितलं नाही. एक मोहरं कमी असताना दियोनीने एकेक प्यादं मारत, मारवून घेत पट रिकामा केला. एकाहत्तराव्या खेळीला त्याने शेवटचं प्यादं मारलं. आता शेरझोदकडे राजा, हत्ती आणि उंट. ह्याच्याकडे राजा आणि हत्ती. दोघांच्या पन्नास-पन्नास खेळ्या काही न मारता झाल्या तर बरोबरी मागता येते. त्याआधी एक चूक झाली की मात.

पन्नास खेळ्या. प्रत्येकीला अर्धं मिनिट, कधी त्याहून कमी. शेरझोद कोपऱ्याकडे रेटत होता आणि हा भिंतीला पाठ लावून सरकत होता. अंगातला शर्ट पाठीला चिकटला. पाणी प्यायला नाही, उठला नाही. मी उभ्याने गुडघे दुखवून घेतले, पण बसलो नाही. आब्नेरची बडबड कधी थांबली ते कळलंही नाही.

शेवटी दियोनीने खेळी न खेळता नुसती कागदावर लिहिली आणि पंचांना हात केला. "पन्नास झाल्या."

पंचांनी घड्याळ थांबवलं, कागदावर पेन्सिल टेकवत मोजलं. पुन्हा मोजलं. "एकोणपन्नास. प्यादं मारलंत ती खेळी धरायची नाही, पाल्मारेस. लिहिलेली खेळी खेळा. ह्यांना दोन मिनिटं जादा."

सगळी खोली हळहळली. ओझं उतरवायला वाकलेल्या माणसाला अजून एक जिना चढ म्हणावं, तसं ते होतं. दियोनीने मान हलवली आणि खेळी खेळला.

शेरझोदने मिळालेली दोन्ही मिनिटं वापरली. मग शह दिला. राजाला जायला दोन घरं होती. एकात मात. मोहऱ्याला चुकूनही हात लागू नये म्हणून दियोनीने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, पटावरून लांब नेलं आणि कागदावर एक घर लिहिलं. पुन्हा पंचांना बोलावलं.

ह्या वेळी पंचांनी तीनदा मोजलं. "पन्नास. बरोबरी."

शेरझोद उभा राहिला, हात मिळवला आणि सोडला नाही. "तो उंट का हलवलात?" त्याने विचारलं.

"हात लागला होता."

पोराने दुसरा हातही त्याच्या हातावर ठेवला.

बाहेर बातचोयच्या गाडीवर बसलो. वाफाळता शेवयांचा वाडगा समोर, पण दियोनीला चमचा धरता येईना. आब्नेरने वाडगा उचलून त्याच्या तोंडाला लावला आणि वर शिव्या घातल्या. "ग्रँडमास्टर म्हणे! मोजता येतं का आधी?"

दियोनी हसला. खोकलाही.

मी विचारलं, "आम्हा दोघांशिवाय कुणी बघितलं नव्हतं. माहीत होतं तुला?"

"माहीत होतं, मानोंग." थोरल्या भावाला म्हणतात तसं तो मला मानोंगच म्हणायचा. "तुम्ही बघताय हे दिसलं मला."

"मी काय कुणाला सांगणार होतो?"

"नसतं सांगितलं तुम्ही." त्याने वाडगा दोन्ही हातांनी धरला. "पण पुन्हा माझ्यासमोर पट मांडून बसला असता का?"

मी विचार केला. धक्क्यावरची सहा वर्षं आठवली, गोदामाच्या सावलीतला पटही आठवला.

"नसतो बसलो," मी म्हणालो.

"तेच," तो म्हणाला आणि खायला लागला.