वेदीमागची प्रदक्षिणा

चर्चमध्ये प्रदक्षिणा घालायला निघालेली बाई सबंध जपानात मी एकटीच असेन. हसा खुशाल. त्या दुपारी मात्र माझी पाचावर धारण बसली होती.

कोबेत भूकंप होऊन आठ-नऊ महिने झाले होते. जानेवारीतल्या त्या पहाटे नवरा कामासाठी तोक्योला होता, घरात मी आणि चार वर्षांची लेक. घर हललं आणि मी पळाले. एकटी. जिन्याने धडधडत खाली, अनवाणी. रस्त्यावर पोचल्यावर मला आठवलं की आपल्याला मुलगी आहे. आजही लिहिताना अंगावर काटा येतो. परत वर धावले तर ती पांघरुणात, डोळे गच्च मिटून. झोपली असणार, असं मी ठरवूनच टाकलं. नवऱ्याला, पुण्याला आईला, सगळ्यांना एकच सांगितलं, तिला कडेवर घेतलं आणि धूम ठोकली. सगळ्यांनी कौतुक केलं. चोराच्या मनात चांदणं, कुणी शाबासकी द्यायला लागलं की मी चहा टाकायला उठायची.

तर ते चर्च. भर शहरात, स्टेशनापासून दहा मिनिटांवर, दुकानांच्या गर्दीत. अँग्लिकन पंथाचं. इमारत तशी अलीकडची, पण आतली दगडी वेदी आणि तिच्यावरची रंगीत काच इंग्लंडातल्या एका मध्ययुगीन चर्चमधली. ते पाडलं तेव्हा बोटीने इथे आणली, असं दारातल्या इंग्रजी पाटीवर लिहिलं होतं. माझ्या कपाटातली काचेची भांडी त्या पहाटे एकूण एक फुटली, आणि ही कित्येक शतकांची म्हातारी काच शाबूत! म्हटलं, बघायलाच हवी. लेकीचे पाय दुखत होते, म्हणून तिला दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसवलं.

"इथून हलायचं नाही हं. आई आलीच."

"हाय," ती जपानीत म्हणाली, म्हणजे हो. बूट काढून तिने बाकाखाली नीट जोडून ठेवले. आत आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

मी वेदीपुढे जाऊन हात जोडले. देव तो देव. कुणाकडे तरी माफी मागायची होती आणि हा देव ओळखीचा नव्हता, त्यामुळे जरा सोपं गेलं. नमस्कार झाला आणि सवयीने पाय डावीकडे वळले. वेदी भिंतीला टेकलेली होती, पण डाव्या हाताला एक बुटकं दार किलकिलं दिसलं, आणि उजव्या हाताला तसंच दुसरं. आमच्या गावच्या देवळात गाभाऱ्यामागून अंधारा बोळ आहे, तिकडून आत, इकडून बाहेर. वाटलं, यांचंही तसंच. दारावर जपानीत काहीतरी लिहिलेला कागद चिकटवला होता. मला वाचता येईना, म्हणून सोडून दिला. अतिशहाणी!

आत पाऊल टाकलं आणि मागे दार लागलं. बोळ कसला, अडगळीची खोली ती. घडीच्या खुर्च्या, मेणबत्त्यांचे खोके, समोर भिंत. वळून दार ओढलं तर हलेना. भूकंपात चौकट वाकली होती आणि 'दार लावू नये' असं त्या कागदावर होतं, हे मला नंतर कळलं.

आधी हाक मारली. मग ओरडले. दार जाडजूड, आवाज माझ्याच कानात परत येत होता. रस्त्याकडचं मोठं दार सताड उघडं होतं, बाहेर पडक्या घरांचा राडारोडा नेणारे ट्रक धावत होते, आणि माझी पोर एकटी. कुणी हात धरून नेली तर? आईला शोधायला ती रस्त्यावर गेली तर? अंधारात खुर्ची हाताला लागली, ती उचलून मी दारावर घालायला लागले. धाड, धाड, धाड. भिंत हादरत होती, वरून माती गळत होती. देवा, एकदा चुकले, आता परत नको, असं मी मोठमोठ्याने रडत म्हणत होते.

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी पलीकडून कुणीतरी खांदा लावून दार उघडलं. तिथला म्हातारा रखवालदार होता. त्याला बाजूला सारून मी धावले.

बाक रिकामा. खाली बूट तसेच, जोडलेले.

तशीच फुटपाथवर गेले, तिच्या नावाने किंचाळले. माणसं थांबून बघायला लागली. तिचा लाल फ्रॉक कुठेच दिसेना. आतून म्हाताऱ्याने हाक मारली. तो कोबेचा माणूस, तो रस्त्याकडे बघतच नव्हता. तो गुडघ्यांवर बसून एकेका बाकाखाली डोकावत होता.

ती मधल्या एका बाकाखाली होती. पाय पोटाशी घेतलेले, प्रार्थनेला गुडघ्याखाली घ्यायची उशी दोन्ही हातांनी डोक्यावर दाबलेली. बालवाडीत शिकवतात तशी. डोळे गच्च मिटलेले, अगदी त्या पहाटेसारखे. ती तेव्हाही झोपलेली नव्हती, हे मला तिथे, त्या फरशीवर कळलं.

"जिशिन संपला?" तिने विचारलं. जिशिन म्हणजे भूकंप. माझी खुर्ची हाच तिचा भूकंप होता.

मी सरपटत बाकाखाली शिरले. तिने अर्धी उशी माझ्या डोक्यावर सरकवली.

"आई, तू परत पळून गेलीस?" हेही जपानीतच.

"नाही गं सोन्या. दार लागलं होतं. मीच आतून ठोकत होते."

तिने उशी जरा वर करून माझ्याकडे बघितलं. "तेव्हा गेली होतीस."

"हो," मी म्हटलं. "तेव्हा गेले होते."

"मला माहितीये," ती म्हणाली, आणि मग बालवाडीत जायला लागल्यापासून जी कधी बोलायची नाही त्या मराठीत, कानाशी तोंड आणून, "मी बाबांना नाही सांगितलं."