फिकी शाई

टाइल कारखान्याचे मालक सेगावा गेल्याचं कळलं तेव्हा त्सुयाकोबाई मुळा किसत होत्या. उरलेला मुळा त्यांनी किसून संपवला, हात धुतले आणि शाई उगाळायचा दगड काढला. आता सगळी गल्ली दारात येणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि झालंही तसंच.

जपानमधल्या त्यांच्या ताजिमी गावात मयताला जाताना पैशांचं पाकीट न्यायचं, त्यावर ब्रशने आपलं नाव लिहायचं, आणि तेही फिक्या शाईत. बातमी ऐकून डोळ्यांतलं पाणी शाईत पडलं, असा त्याचा अर्थ. दुकानात हल्ली फिक्या शाईचे तयार पेनही मिळतात, म्हणजे रडायचीही तसदी नको. पण त्सुयाकोबाईंचं अक्षर देखणं, म्हणून लोक त्यांच्याकडेच यायचे. शाईत पाणी ओतून ओतून त्यांनी एकेकाला नाव लिहून दिलं. कारखान्याच्या मालकासाठी अख्खं गाव धाय मोकलून रडलं, असं वाटावं इतकं पाणी.

त्यांचा नवरा एइकिची त्याच टाइल कारखान्यात दगड दळायचा. जन्मभर धूळ छातीत भरली, आणि शेवटी पाठीला उशा लावून, बसल्या बसल्या धापा टाकत गेला. कारखान्याच्या डॉक्टरने खापर सिगारेटवर फोडलं. एइकिचीने उभ्या आयुष्यात सिगारेट ओठाला लावली नव्हती. तरी सेगावा त्याच्या मयताला आले, मान खाली घालून उभे राहिले, आणि त्यांच्या पाकिटावरची शाई इतकी फिकी की नाव धड वाचताही येईना. त्या ढोंगाने त्सुयाकोबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती अजून उतरली नव्हती.

सगळे गेल्यावर त्यांनी दगड पुसला आणि स्वतःसाठी नवी शाई उगाळायला घेतली. शेजारी राहणारी नणंद हिसाए आपलं पाकीट घेऊन थांबली होती. बराच वेळ झाला तरी पाण्याच्या भांड्याकडे वहिनीचा हात जाईना, तशी ती घाबरली.

"वहिनी, ही तर काळीकुट्ट झाली. त्यांच्या मरणाची वाटच बघत होतीस म्हणतील लोक."

"म्हणू देत."

"माझा पोरगा काझुया अजून कारखान्यातच आहे गं. जिवंत माणसाचा तरी विचार कर."

"त्याचाच करतेय. रात्रभर खोकतो, मला ऐकू येतं. छातीचा फोटो काढलास का त्याचा?"

आपलं फिकं पाकीट उचलून हिसाए निघून गेली.

मयताच्या ठिकाणी पाकिटं घ्यायला मालकांचा पुतण्या बसला होता. आता कारभार त्याच्याच हाती. त्याने नाव पाहिलं आणि हळूच म्हणाला, "घाईत पाणी घालायचं राहिलं असेल, बाई. होतं असं."

"राहिलं नाही," त्सुयाकोबाई म्हणाल्या. "तुमच्या काकांनी माझ्या नवऱ्याला मारलं. मी याच दिवसाची वाट बघत होते."

पुतण्याने वाकून नमस्कार केला आणि पाकीट पालथं ठेवलं. त्सुयाकोबाईंनी हात पुढे करून ते सरळ केलं. मग रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाने ते काळं नाव वाचेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.